आर्टेमियाच्या घरगुती उबवणीतील तापमान नियंत्रण

आर्टेमिया किंवा ब्राइन श्रिम्प हा खाऱ्या पाण्यात राहणारा लहान कवचधारी प्राणी होय. त्याची सुप्त अंडी मिठाच्या पाण्यात उबवून त्यांतून निघालेले डिंभ (प्राण्याची अंड्यातून बाहेर पडल्यानंतरची पहिली अवस्था) माशांच्या नवजात पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून दिले जातात. घरी एक-दोन लिटरच्या बाटलीत केल्या जाणाऱ्या या उबवणीस मीठ, हवा, प्रकाश आणि ऊब या चार गोष्टी लागतात. पहिल्या तीन एकदा जमल्या की सहसा बिघडत नाहीत. ऊब मात्र ऋतू, दिवसाची वेळ आणि भांड्याचा आकार यांनुसार सतत बदलत राहते. उबवणीचे पाणी २५ ते २८ अंश सेल्सियस या मर्यादेत स्थिर ठेवणे हा तापमान नियंत्रणाचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील लिमिंग्टन येथील मिठागरांत हा प्राणी अठराव्या शतकाच्या मध्यास नोंदवला गेला. १७५८ साली लिनियस यांनी त्याचे वर्गीकरण केले. माशांच्या पिल्लांचे खाद्य म्हणून त्याची उपयुक्तता १९३०च्या दशकात अमेरिकेत सील आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी दाखवून दिली. आज बाजारात मिळणाऱ्या अंड्यांचा मोठा स्रोत अमेरिकेतील यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक हे सरोवर आहे. भारतात राजस्थानातील सांभर सरोवर, तमिळनाडूतील तुतिकोरिन आणि मुंबईतील वडाळा येथील मिठागरांतून आर्टेमियाची नोंद झालेली आहे.

परिस्थिती प्रतिकूल झाली की मादी पिल्ले देण्याऐवजी जाड कवचाची अंडी देते. त्यांतील गर्भाची वाढ ठरावीक टप्प्यावर थांबलेली असते. ही अंडी खाऱ्या पाण्यावर तरंगत किनाऱ्याला लागतात, वाळतात आणि अनेक महिने, प्रसंगी अनेक वर्षे, तशीच राहतात. हिवाळा सरून बर्फ वितळले, पाण्याचा खारटपणा उतरला आणि पाणी कोमट झाले की गर्भ पुन्हा जागा होतो. घरगुती उबवणी म्हणजे हाच वसंत ऋतू बाटलीत निर्माण करण्याचा प्रयत्न होय.

उबेचे महत्त्व

एंजल, फायटर, गोल्डफिश इत्यादी माशांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस स्वतःजवळच्या पीतकावर, म्हणजे अंड्यातील पिवळ्या बलकावर, जगतात. तो साठा संपला की त्यांना तोंडात मावणारे आणि हालचाल करणारे खाद्य लगेच मिळावे लागते. कोरडी पूड त्यांना बहुधा ओळखता येत नाही आणि न खाल्लेली पूड कुजून पाणी बिघडवते. अशा वेळी उबवणीस एका दिवसाऐवजी दोन दिवस लागले, तर तेवढ्या अवधीत पिल्ले उपाशी मरू शकतात. म्हणून माशांची पिल्ले पोहू लागण्याचा दिवस आणि डिंभ तयार होण्याचा दिवस यांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो.

निरनिराळ्या तापमानांचा परिणाम

भिजलेल्या अंड्यांवर तापमानाचा परिणाम साधारणपणे पुढीलप्रमाणे होतो. अंड्यांच्या मूळ स्थानानुसार या मर्यादा थोड्याफार बदलतात.

• ४° से.पेक्षा कमी : गर्भातील चयापचय थांबतो. पुन्हा ऊब मिळाल्यास तो सुरू होऊ शकतो.
• २०° से.च्या आसपास : विकास चालू राहतो, पण मंद असतो. डिंभ निघण्यास ३६ ते ४८ तास लागू शकतात.
• २५° ते २८° से. : योग्य तापमान. बहुतेक डिंभ १८ ते २४ तासांत बाहेर येतात.
• ३०° ते ३३° से. : विकास आणखी जलद होतो, परंतु पाण्यातील प्राणवायू घटतो आणि जिवाणूंची वाढ होते.
• ३३° ते ४०° से. : विकास थांबतो.
• ४०° से.पेक्षा अधिक : भिजलेला गर्भ मरतो.

कोरडी अंडी यापेक्षा बरीच अधिक थंडी व उष्णता सोसतात. ही सहनशक्ती पाण्यात पडल्यावर एक-दोन तासांत, म्हणजे अंडे भिजून गोल होईपर्यंत, नाहीशी होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. गारठ्यामुळे उबवणी सहसा पूर्णपणे फसत नाही. ती लांबते आणि विस्कळीत होते. काही अंडी आधी फुटतात, काही पुष्कळ उशिरा. नव्याने निघालेला डिंभ सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर लांबीचा आणि पीतकामुळे नारिंगी रंगाचा असतो. या अवस्थेत तो काही खात नाही. उबदार पाण्यात सुमारे आठ ते बारा तासांत तो कात टाकतो. त्यानंतर तो आकाराने मोठा, अधिक चपळ आणि फिकट होतो. त्याच्या मूळ ऊर्जेपैकी सुमारे एक-चतुर्थांश तोपर्यंत खर्च झालेली असते. अंडी एकाच वेळी न फुटल्यास बाटलीत पहिल्या तुकडीचे अशक्त डिंभ आणि न फुटलेली अंडी एकत्र राहतात. माशाच्या पिल्लाला पोषण मिळते ते डिंभाच्या पीतकातून. म्हणून बहुतेक सर्व अंडी एकाच सुमारास फुटणे हे चांगल्या उबवणीचे लक्षण मानले जाते आणि त्यासाठी तापमान उच्च असण्यापेक्षा स्थिर असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

बाटली थंड पडण्याची कारणे

उबवणीची बाटली पुष्कळदा खोलीहूनही थंड असते. पाणी आणि हवा यांचे तापमान एकसारखे असणार असे गृहीत धरल्याने ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. तिची दोन प्रमुख कारणे आहेत.

पहिले कारण बाष्पीभवन. अंडी तळाशी बसू नयेत म्हणून बाटलीत एअर पंपाने जोरात हवा सोडलेली असते. प्रत्येक बुडबुडा जाताना थोडी वाफ घेऊन जातो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, पाणी उडून गेले तर २४ किलोज्यूल उष्णता खर्च होते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर एवढ्याने एक लिटर पाणी साडेपाच-सहा अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात खोलीतील हवा बरीचशी भरपाई करते, तरी फरक उरतोच. मातीच्या माठात पाणी गार होते त्यामागेही हेच तत्त्व आहे. हवा कोरडी असल्यास परिणाम वाढतो. त्यामुळे हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडील घरात बाटली जितकी थंड पडते, तितकी ती कोकणातील दमट हवेत पडत नाही.

दुसरे कारण भांड्याचा लहान आकार. एक लिटर पाणी दहा सेंटिमीटर बाजूच्या घनात मावते आणि त्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर असते. दहा लिटरच्या घनात मात्र दर लिटरमागे सुमारे २८० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो. लहान भांड्याची उष्णता म्हणून लवकर निसटते आणि पहाटे खोलीचे तापमान उतरले की बाटलीचेही लगोलग उतरते.

ऊब टिकवण्याच्या पद्धती

कोमट पाण्याची बादली : ही सर्वांत भरवशाची पद्धत समजली जाते. बादलीत सुमारे दहा लिटर गोडे पाणी घेऊन त्यात मत्स्यालयाचा ५० वॉटचा, तापनियंत्रक असलेला हीटर ठेवतात आणि उबवणीची बाटली त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून उभी करतात. हीटर थेट बाटलीत घालत नाहीत, कारण अंडी त्याच्या तप्त काचेला चिकटतात आणि एक लिटर पाणी पाहता पाहता प्रमाणाबाहेर तापते. बादलीतील पाणी चढउतार स्वतः शोषून घेते. अर्थात ते तापण्यासही वेळ लागतो. दहा लिटर पाणी १८ अंशांवरून २८ अंशांवर नेण्यास ४२० किलोज्यूल लागतात. म्हणजे ५० वॉटच्या हीटरला, उष्णता मुळीच वाया गेली नाही असे धरले तरी, दोन तास वीस मिनिटे हवीत. यास्तव हीटर आधी सुरू करून पाणी तापल्यावरच अंडी घालावीत.

माशांच्या टाकीचा उपयोग : घरात आधीच तापवलेली टाकी असल्यास बाटली तिच्यातच टांगता येते. वेगळा खर्च पडत नाही. बाटली कलंडून खारे पाणी टाकीत सांडणार नाही अशी ती बांधावी लागते.

उष्णतारोधक पेटी : थर्माकोलच्या किंवा लाकडी पेटीत बाटली ठेवून आत कमी वॉटचा, तारेचा जुन्या पद्धतीचा दिवा लावतात. त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते, त्यामुळे ऊब आणि उजेड दोन्ही मिळतात. एलईडी दिवा त्याच उजेडासाठी फार कमी वीज घेतो आणि म्हणून त्यापासून ऊबही थोडीच मिळते. पेटीत तापनियंत्रक बसवणे आवश्यक असते. थर्माकोल वितळतो आणि पेटतोही, म्हणून दिवा भिंतीपासून दूर असावा.

घरातील उबदार जागा : फ्रिजच्या मागील वा वरील भाग, स्वयंपाकघरातील उंच फळी अशा जागांचा काही जण उपयोग करतात. बाहेरचा गारठा सौम्य असेल तेव्हा हे पुरेसे होते.

ऊन : बाटली उन्हात ठेवणे धोक्याचे असते. एक लिटर पाणी दुपारी ३३ अंशांची मर्यादा सहज ओलांडते आणि रात्री पुन्हा थंड पडते.

बाटलीभोवती कापड गुंडाळल्याने उष्णतेची गळती मंदावते, पण ऊब निर्माण होत नाही. शिवाय भिजल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत गर्भाला जागे होण्यासाठी प्रकाश लागतो. म्हणून एक बाजू उघडी ठेवतात.

तापमानाचे मोजमाप

तापमान बादलीत नव्हे, तर बाटलीत मोजले पाहिजे. बुडबुड्यांमुळे बाटलीतील पाणी बादलीपेक्षा किंचित थंड असते. हीटरवरील आकडा आणि प्रत्यक्ष तापमान यांतही एक-दोन अंशांचा फरक आढळतो. दिवसा एकदा आणि पहाटे एकदा नोंद केल्यास खरा चढउतार कळतो. केवळ दुपारच्या नोंदीवर विसंबल्यास रात्रीचा गारठा नजरेआड होतो.

इतर घटकांशी संबंध

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात २० अंशांना दर लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ६.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्याच वेळी गर्भाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणून ऊब वाढवल्यास हवा कमी करून चालत नाही. अंड्यांचे प्रमाण दर लिटरला दोन ग्रॅमच्या आत ठेवणेही त्यासाठीच इष्ट असते.

बाष्पीभवनाने पाणी जाते, मीठ मात्र मागे राहते. सुरुवातीला दर लिटरला २५ ग्रॅम मीठ घातले असल्यास पातळी उतरताच खारटपणा वाढतो. गर्भ आपल्या ट्रेहॅलोज या शर्करेपासून ग्लिसरॉल तयार करतो. ते पाणी ओढून घेते आणि त्या दाबाने कवच फुटते. पाणी जितके खारे, तितकी ही शर्करा अधिक खर्च होते. बाटलीच्या तोंडावर सैल झाकण ठेवल्यास ऊब आणि खारटपणा दोन्ही टिकतात. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या, कोमट पाण्याने करतात.

वीजपुरवठा खंडित झाल्यास

वीज गेली की हीटर आणि एअर पंप एकदमच बंद पडतात. यांपैकी तातडीचे संकट थंडीचे नसून प्राणवायूचे असते. दहा लिटरची बादली हळूहळू थंड होते आणि थंडीमुळे विकास केवळ मंदावतो. तळाशी बसलेल्या अंड्यांना मात्र हवा मिळेनाशी होते. अशा वेळी बाटली दर काही मिनिटांनी हलवणे किंवा बॅटरीवर चालणारा पंप लावणे हा उपाय असतो. त्यानंतर बादली जाड कापडाने झाकता येते.

उन्हाळ्यातील अडचण

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. तेथे त्या दिवसांत हीटरची गरज नसते. उलट बाटली थंड ठेवावी लागते. हिवाळ्यात अडचणीचे ठरणारे बाष्पीभवन अशा वेळी उपकारक होते. बाटलीभोवती ओले फडके गुंडाळून ती वाऱ्यात सावलीत ठेवल्यास तापमान काही अंशांनी उतरते.

सुरक्षितता

खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे. प्लग आणि जोडण्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असाव्यात आणि वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. हीटर पाण्याबाहेर असताना चालू करू नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. एअर पंप बाटलीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी, अन्यथा वीज जाताच पाणी उलट पंपात शिरू शकते.

उबवणीनंतर

डिंभ निघाल्यावर उबेची भूमिका उलटते. जी ऊब गर्भाला वाढवते, तीच आता डिंभाचे पीतक लवकर संपवते. हवा बंद करून पाच-दहा मिनिटे थांबल्यास रिकामी कवचे वर तरंगतात. खालच्या भागाशी दिवा धरला की डिंभ प्रकाशाकडे जमतात आणि नळीने काढता येतात. लगेच न लागणारे डिंभ स्वच्छ खाऱ्या पाण्यात, उथळ भांड्यात, फ्रिजमध्ये सुमारे ४ अंशांना ठेवल्यास साधारण एक दिवस त्यांची ऊर्जा बरीचशी टिकते.

न वापरलेली कोरडी अंडी हवाबंद डबीत, थंड व कोरड्या जागी ठेवतात. फ्रिजमधून काढलेली डबी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. नाहीतर आत दव धरून अंडी अकाली ओलसर होतात.

हेही पाहा

• कवचधारी प्राणी
• मत्स्यालय
• मिठागर
• बाष्पीभवन