‘समाजस्वास्थ्य’चा वाचकवर्ग आणि स्त्रीचा कामसुखाचा हक्क

संततिनियमनाचा पुरस्कार पुष्कळांनी लोकसंख्येच्या नावाने केला. र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांची भूमिका याहून निराळी होती. गर्भधारणेचे भय गेल्यावाचून स्त्री स्वतंत्र होणार नाही, आणि कामसुखावर तिचा हक्क पुरुषाइतकाच आहे, हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले व जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. या मासिकाचे मर्म, आमच्या मते, संपादकीय लेखांपेक्षा वाचकांच्या प्रश्नोत्तरांत आहे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी घरात विचारण्याची सोय नव्हतीच, वैद्यापाशीही क्वचित. येथे तसे प्रश्न छापले जात, आणि कर्वे पापपुण्य बाजूस ठेवून शरीरशास्त्राच्या आधारे उत्तरे देत. परस्परांस न ओळखणारी माणसे अशा रीतीने एकाच चर्चेत सामील झाली.

या उत्तरांपायीच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचा बचाव केला. विषय लैंगिक आहे एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयास मान्य झाला नाही. कर्व्यांस दंड झाला.

अभ्यासकाने मात्र एका गोष्टीकडे कानाडोळा करू नये. मासिकातील ‘शारदेची पत्रे’ ही कर्व्यांनीच लिहिलेली आहेत. पत्रांतील शारदा निर्भीड आहे, तर्कशुद्धही आहे. पण तिच्या तोंडून बोलतो तो पुरुषच. तेव्हा ही पत्रे तत्कालीन स्त्रीमनाची साक्ष म्हणून नव्हे, तर तिने कसे बोलावे याविषयीच्या कर्व्यांच्या अपेक्षेची साक्ष म्हणून वाचावयास हवीत.