पाडव्याची कावड आणि शिंगणापूरचा चौथरा

शनिशिंगणापूर म्हटलं की तुम्हाला बिनदाराची घरं आठवणार. आज त्यांच्याबद्दल नाही, चौथऱ्याबद्दल लिहितोय. नेवासा तालुक्यातल्या या गावात देवाला गाभारा नाही की छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांहून उंच काळी शिळा आहे आणि तिच्यावर तेल वाहतात. शनैश्चर जयंतीला आणि शनिवारी येणाऱ्या अमावस्येला लांबलांबून गर्दी लोटते. पण माझ्या मते गावाचा खरा आपला दिवस गुढीपाडवा. त्या दिवशी माणसं कावडीने गोदावरीचं पाणी आणतात आणि शिळेला स्नान घालतात.

या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही, असा रिवाज होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक महिला चढली आणि नंतर चौथऱ्याचं शुद्धीकरण झालं. २६ जानेवारी २०१६ ला भूमाता ब्रिगेडचा मोर्चा वाटेतच अडवला गेला. एप्रिलच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्यावर बोट ठेवून सांगितलं, महिलांचा हक्क सरकारने राखावा. यावर देवस्थानने काढलेला तोडगा मोठा मजेशीर होता: पुरुषांनाही बंदी! कुणीच चढायचं नाही, म्हणजे समानता झाली.

आणि मग ८ एप्रिलला पाडवा आला. बंदी असूनही कावडवाले पुरुष चौथऱ्यावर चढले, पाणी घातलं. आता बायकांना कुठल्या तोंडाने अडवणार? त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांना खुला केला. संध्याकाळी तृप्ती देसाईंनीही तिथे पूजा केली.

विधींच्या अभ्यासक कॅथरीन बेल यांचा मुद्दा इथे कामाला येतो. त्यांच्या मते विधी म्हणजे आधीच ठरलेल्या श्रद्धेचं नुसतं प्रदर्शन नव्हे. कोण आतला, कोण बाहेरचा, हे विधी करता करताच घडत जातं. म्हणून बंदीचा कागद पाडव्यापुढे टिकला नाही. कागद थांबवता येतो, खांद्यावरची कावड थांबवणं अवघड. अर्थात न्यायालयाचा आदेश नसता तर कावड चढली असती आणि बायका खालीच राहिल्या असत्या, हेही विसरू नका.

उत्सवात असं नेहमी होतंच असं नाही. स्पेनमधल्या इरुन शहरात ३० जूनला, १५२२ मधल्या लढाईच्या आठवणीत, संत मार्सियालच्या नावाने शस्त्रधारी मिरवणूक निघते. १९९६ मध्ये बायकांनी तिच्यात सैनिक म्हणून चालायचं ठरवलं, तर शहरात उभी फूट पडली. पुढे दोन वेगळ्या मिरवणुका निघू लागल्या. शिंगणापुरात ती पळवाट नव्हती. शिळा एक, चौथराही एकच.

पुढच्या पाडव्याला मला तिथे एवढंच बघायचंय: कावडीला खांदा कोण देतं.