रोवण्याच्या दिवसांतली प्रार्थना

पहाटे पाच. आषाढात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, अंग उठायला तयार नसतं. तरी सामुदायिक ध्यानाला आम्ही मोजके लोक जमतोच. अड्याळ म्हटलं की बाहेरच्यांना ब्रह्मपुरीकडची, गीताचार्य तुकारामदादांची अड्याळ टेकडी आठवते. ती चंद्रपूर जिल्ह्यात. आमचं अड्याळ पवनी तालुक्यातलं. ध्यान-प्रार्थनेचा क्रम मात्र दोन्हीकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीच घालून दिलेला. समोर मूर्ती नाही, रिकामं अधिष्ठान.

सहा. डोळे उघडले की थेट खराटा हाती. आधी ध्यान, मग सफाई, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नाली साफ करताना चिडचिड होत नाही, ते त्यामुळेच.

आठपासून बांधीत. पऱ्ह्यांच्या जुड्या टाकून झाल्या की बाया ओळीनं मागं सरकत रोवणा लावतात. एकीनं गाणं उचललं की साऱ्यांचे हात त्याच चालीवर पडतात, दमलेलीचेही.

बारा. धुऱ्यावर शिदोरी सोडली की भिक्खूंचा जेवणाचा नियम आठवतो. पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. म्हणजे या मातीत भिक्खुसंघाचे नियम फार आधीपासून पाळले गेले असणार. जेवण मध्यान्हाच्या आत, दर पंधरवड्याला उपोसथ, पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी वास. वर्षावासाचं कारण विनयपिटकात दिलं आहे : भर पावसात फिरणारे भिक्खू हिरवे कोंब तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. ज्याच्या बांधीत आज रोवणा चालू आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

दुपारनंतर पुन्हा चिखल.

सात. हातपाय धुऊन प्रार्थनेला. पुरुषांच्या ओळी एका बाजूला, बायांच्या दुसऱ्या. उशिरा येणारा मागं बसतो, मग तो कुणी का असेना. पोरं विचारतात, रोज तेच ते कशाला? उत्तर समोरच असतं. घरात नुकतंच माणूस गेलेला एक जण पुढच्या ओळीत बसतो. सुरुवातीला त्याचे नुसते ओठ हलतात. निम्म्यावर आवाज फुटतो. काय म्हणायचं हे रोज नव्यानं ठरवायचं असतं, तर तो घरीच राहिला असता. मन लागतं त्या दिवशी माणूस कुठंही प्रार्थना करील. लागत नाही त्या दिवसासाठी ओळ हवी, वेळ हवी, पाठ झालेले शब्द हवेत.

तुकडोजी महाराजांनी 11 ऑक्टोबर 1968 ला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज मोझरीच्या त्यांच्या आश्रमात त्याच मिनिटाला अफाट जनसमुदाय स्तब्ध होतो. नुसत्या हुकमानं हे होत नाही. रोजच्या प्रार्थनेनं ती सवय लावलेली असते.

तुमच्या गावची प्रार्थना बंद पडली असेल, तर वर्गणी आणि सभामंडपाची वाट पाहू नका. वेळ ठरवा आणि चारच माणसं आली तरी वेळेवर सुरू करा.