यादीत नाव हवं, नंबर कशाला?

मैत्रिणींनो, निराधारच्या पगाराचा अर्ज करताना आपण काय काय जोडतो? आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वर मोबाइल नंबर. चिखली तालुक्यातलं उंद्री घ्या की दुसरं कुठलं गाव, हा गठ्ठा तहसीलला पोचला की बाई निर्धास्त होते. कागद सरकारजवळ आहे ना, मग तिजोरीतच आहे!

मे २०१७ मध्ये बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’नं चार सरकारी वेबसाइट तपासल्या. त्यातली एक विधवा, वृद्ध आणि अपंगांच्या पेन्शनची होती, एक रोजगार हमीची, उरलेल्या दोन आंध्र प्रदेशच्या. अंदाजे १३ कोटी आधार नंबर आणि १० कोटी बँक खात्यांचे नंबर तिथं कुणालाही दिसत होते. चोरानं कुलूप फोडलं नव्हतं, घरच्यांनीच दार सताड उघडं टाकलं होतं. त्याच वर्षी आधार प्राधिकरणानं माहिती अधिकारात सांगितलं, की केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० वेबसाइटवर लाभार्थींची नावं, पत्ते, आधार नंबर झळकत होते. आणि आधार नंबर असा जाहीर करायचा नाही, हे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलेलं आहे! देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच नंदुरबारमधल्या टेंभलीच्या एका बाईला मिळालं होतं, हेही जाता जाता आठवलं.

‘आमच्या खात्यात चोराले हायेच काय?’ असं बायका हसून म्हणतात. पण तुमचं नाव, योजना, खाते नंबर ठाऊक असलेला माणूस फोनवर ‘ताई, तुमचा पगार अडकलाय, ओटीपी सांगा’ म्हणाला, तर तो साहेबच वाटणार ना? तेलंगणात तर २०१८ मध्ये एकानं नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरच्या दस्तांतून लोकांचे अंगठे उचलले, त्यांचे रबरी ठसे केले आणि हजारो सिमकार्डं सुरू केली. दस्तावर अंगठा आपणही देतो.

म्हणून यादीच नको, असं मी म्हणणार नाही. यादी लागली नाही तर बोगस नावं कळणार कशी? नाव लावा, गाव लावा, रक्कम लावा. आधारचे शेवटचे चार आकडे पुरेत, खाते नंबर तर नकोच. २०१७ मध्येच सुप्रीम कोर्टानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. तेव्हा ग्रामसभेत हे विचारायला लाजू नका.

पहिले आठ आकडे झाकलेलं आधार प्राधिकरणाच्या वेबसाइटवरून काढता येतं. जिथं चालेल तिथं तेच द्या. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा. अंगठ्यालाही तिथूनच कुलूप लावता येतं. मात्र रेशन दुकानात अंगठा लावायच्या दिवशी ते आधी उघडून घ्या, नाहीतर मशीन नाही म्हणेल आणि दुकानदार उद्या या म्हणेल.