एमपी४ असूनही फाइल का उघडत नाही?

नाशिकच्या अनेक घरांत सिंहस्थाचं चित्रण जपून ठेवलेलं आहे. २००३ चं मिनीडीव्ही कॅसेटवर, २०१५ चं मेमरी कार्डावर किंवा फोनमध्ये. हे सगळं जोडून घरच्यांसाठी एक फिल्म करायला बसलं, की एडिटिंग सॉफ्टवेअर अडतं. एका फाइलचा आवाज येतो पण चित्र काळं दिसतं, दुसरी उघडतच नाही. ‘दोन्ही एमपी४ आहेत, मग चालत का नाहीत?’ हा प्रश्न तिथूनच निघतो.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलंय, ते कोडेक ठरवतो. एकाच एमपी४मध्ये एच.२६४ असू शकतं किंवा एचईव्हीसी. एच.२६४ हे मानक २००३ मध्ये, म्हणजे त्याच सिंहस्थाच्या वर्षी मंजूर झालं. एचईव्हीसी २०१३ मध्ये आलं आणि आयफोननं २०१७ पासून चित्रणासाठी ते वापरायला सुरुवात केली. फाइलचं नाव एमकेव्हीचं एमपी४ केलं तरी आतला कोडेक तोच राहतो, त्यामुळे काहीही साधत नाही. आत काय आहे ते ‘मीडियाइन्फो’ हे मोफत साधन लगेच सांगतं.

‘पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर सगळं वाचतं’ हेही खरं नाही. अनेक कोडेकवर पेटंट असतात, त्यांचं शुल्क कोणीतरी भरावं लागतं. विंडोजमध्ये एचईव्हीसीसाठीचं एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्ट वेगळं विकते. उलट शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही पूर्ण मोफत सॉफ्टवेअर एफएफएमपेग या मोफत साधनसंचाच्या आधारावर चालतात आणि घरात सापडणाऱ्या बहुतेक फाइली वाचतात.

‘कॉम्प्रेशन म्हणजे दर्जा गेला’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब करून पाहावा. १९२० × १०८० चं, सेकंदाला २५ चित्रांचं रंगीत चित्रण अजिबात न दाबता ठेवलं, तर एका तासाला सुमारे ५६० जीबी लागतील. तेच सेकंदाला २० मेगाबिट बिटरेटच्या एच.२६४मध्ये ९ जीबीत बसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच नोंदवायचं, ही त्यामागची मुख्य युक्ती. रामकुंडाच्या पायऱ्या हलत नाहीत, म्हणून त्यांना जवळजवळ जागा लागत नाही. पण गोदावरीचं हलतं पाणी, उडणारे थेंब आणि पर्वणीची गर्दी प्रत्येक चित्रात बदलत असते. म्हणूनच त्याच बिटरेटला घाटावर शांत बसून बोलणाऱ्या आजी स्वच्छ दिसतात आणि स्नानाचं दृश्य मात्र चौकोनी ठोकळ्यांनी फुटतं. अशा दृश्यांची फिल्म एक्सपोर्ट करताना बिटरेट वाढवायलाच हवा.

हीच युक्ती एडिटिंगला जड जाते. मधलं एक चित्र दाखवायचं तर संगणकाला आधीची, कधी पुढचीही, चित्रं उलगडावी लागतात. टाइमलाइन अडखळली की रॅम वाढवण्याचा सल्ला मिळतो; माझ्या मते आधी प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी प्रत, तयार करावी. नाहीतर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये रूपांतर करून घ्यावं. यांत प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं, फाइल बरीच मोठी होते, पण काम सुरळीत चालतं.

जुनी कॅसेट फोर-केमध्ये एक्सपोर्ट केली की स्पष्ट होईल, ही आशा मात्र सोडून द्यावी. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या मिनीडीव्हीत ७२० × ५७६ एवढंच चित्र असतं. जे टिपलंच नाही, ते मोठ्या आकारात खरं होऊन येत नाही.

व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून आलेली प्रत मूळ समजू नका, ती पुन्हा दाबलेली असते; नातेवाइकांकडून क्लिप मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फिल्म तयार झाली तरी मूळ फाइली पुसू नका. आणि कॅसेट असतील तर त्या संगणकावर उतरवून घेण्याचं काम सर्वांत आधी करा. फायरवायर केबलनं घेतलेली डीव्हीची प्रत मुळासारखीच येते, तासाला साधारण १३ जीबी लागतात. पण टेप जुनी होत चालली आहे आणि ती चालवणारे चालू स्थितीतले कॅमेरे दरवर्षी कमी होत आहेत.