वधस्तंभ, आशा आणि काशीतील एक मराठी पंडित

ख्रिस्ती धर्माचे सर्वपरिचित चिन्ह म्हणजे क्रूस. मराठी कॅथलिक समाजात हाच शब्द रूढ आहे. प्रोटेस्टंट परंपरेतील मराठी बायबलमध्ये मात्र 'वधस्तंभ' असा शब्द येतो. तो कानाला कठोर वाटतो, पण अर्थाच्या दृष्टीने अधिक नेमका आहे. रोमन साम्राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना भर रस्त्यावर हालहाल करून मारण्याचे ते साधन होते. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आशेचे चिन्ह म्हणून जहाजाचा नांगर कोरला. क्रूसावरील येशूचे उघड चित्रण पाचव्या शतकाच्या सुमारास दिसू लागते.

मृत्युदंडाच्या या साधनात आशा कोठून आली? हा प्रश्न समजून घेण्यासाठी वाराणसीतील नीळकंठशास्त्री गोरे यांचे चरित्र उपयोगी पडते. मूळ कोकणस्थ घराण्यातील गोरे यांचा जन्म 1825 साली झाला. ते काशीत वाढले, तेथेच संस्कृत शास्त्रे शिकले. मरणाकडे आशेने पाहणे या नगरीला नवे नाही. येथे देह ठेवणाऱ्याच्या कानात स्वतः शिव तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे.

जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचा पुरस्कार करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला विशीच्या उंबरठ्यावरील गोरे यांनी 1844-45 च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिले. त्यांचा एक आक्षेप मर्मभेदी होता. कोणताही अपराध न केलेल्या जिवाच्या वाट्याला जन्मतःच दुःख का येते? पूर्वकर्माचा सिद्धांत त्याची संगती लावतो. पूर्वजन्म न मानणारे ख्रिस्ती मत ती कशी लावणार?

या आक्षेपाला क्रूस सरळ उत्तर देत नाही, हे मान्य केले पाहिजे. शुभवर्तमानानुसार मरतेसमयी येशूने स्वतःच देवाला विचारले की, तू मला का सोडलेस? म्हणजे निरपराध्याच्या दुःखाचा प्रश्न क्रूसावरूनच विचारला गेला आणि त्या घटकेला आकाशातून उत्तर आले नाही. ख्रिस्ती विचारात आशेचा उगम येथेच आहे. देव दुःखाची मीमांसा करीत दूर उभा राहत नाही, तो ते भोगणाऱ्याच्या जागी येतो. मनुष्याच्या पापाचा भार आपल्या माथी घेतो आणि क्षमा देतो. कर्माचा हिशेब ज्याचा त्याने चुकवावा, या धारणेत वाढलेल्या विद्वानाला हे पटणे सोपे नव्हते. शिवाय शुक्रवारच्या मरणानंतर रविवारचे पुनरुत्थान नसते, तर क्रूस केवळ एका सज्जनाच्या वधाची खूण उरला असता. ख्रिस्त उठला नसेल तर आपली श्रद्धा व्यर्थ आहे, असे पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिले ते याच कारणाने.

गोरे यांनी 14 मार्च 1848 रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तांचा दुरावा त्यांना सोसावा लागला. 1853 साली वाराणसीत त्यांना कन्या झाली आणि काही महिन्यांतच पत्नी निवर्तली. ती कन्या, एलन लक्ष्मी गोरे, पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ओळखली गेली.

गोरे यांच्या विद्वत्तेचा उल्लेख बहुधा 'षड्दर्शनदर्पण' या 1860 च्या हिंदी ग्रंथासंदर्भात होतो. त्यात त्यांनी सहा दर्शनांचे खंडन केले. तथापि त्यांच्या चरित्रातील अधिक विलक्षण भाग वेगळाच आहे. धर्मांतरानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. विशेषतः पापी जनांना अनंतकाळ शिक्षा होते, हे मत त्यांना दीर्घकाळ छळत राहिले आणि त्यावर त्यांनी लेखनही केले. तरीही ते 1870 मध्ये धर्मगुरू झाले, अत्यंत साधेपणाने राहिले. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या निर्णयामागेही गोरे यांच्या युक्तिवादाचा वाटा होता. 1895 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.