कॅरिबियन बेटांची सफर : तिकिटाआधी कोरड्या दिवसाचा हिशेब

आपल्यातील पुष्कळ बांधव ट्रॅव्हल्सच्या धंद्यात आहेत. उमरा आणि आखाताची तिकिटे काढणे हा त्यांच्या हातचा मळ. पण हल्ली गिऱ्हाईक निराळेच काही मागू लागले आहे. तारकर्लीला स्कूबा शिकलेला तरुण येतो आणि म्हणतो, दोन आठवड्यांत कॅरिबियनची पाच बेटे बसवून द्या, समुद्रात बुड्या आणि डोंगरात भटकंती दोन्ही हवे. नकाशावर ती बेटे माळेतल्या मण्यांसारखी जवळजवळ दिसतात, म्हणून एजंटही चटकन हो म्हणतो. अडचण अंतराची नाहीच. ती विमानाची आहे.

समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर माणूस जमिनीवरच्या तिप्पट दाबाखाली श्वास घेतो. त्या दाबामुळे टाकीतल्या हवेतला नायट्रोजन रक्तामांसात मुरतो. सावकाश वर आले की तो श्वासावाटे निघू लागतो, पण पुरता निघायला कित्येक तास लागतात. तेवढ्यात माणूस विमानात बसला, तर केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका उतरू शकतो. मग सोड्याची बाटली फोडल्यावर जे होते तेच अंगात होते. बुडबुडे सुटतात, सांधे धरतात, प्रसंगी अंग लुळे पडते. म्हणून एकच साधी बुडी झाली असेल तर उड्डाणापूर्वी किमान १२ तास, आणि रोज अनेक बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य नियम आहे. जाणकार सरळ २४ तास धरतात.

आता हिशेब करा. पाच बेटे म्हणजे मधली चार उड्डाणे आणि परतीचे एक. दर उड्डाणाआधी एक दिवस कोरडा. मुंबईहून जाण्यायेण्याचे दिवस निराळेच. गिऱ्हाइकाने पैसे मोजले बुड्यांचे आणि दिवस काढले विमानतळावर! आमच्या मते दोन आठवड्यांत दोन बेटे पुरेत, फार तर तीन.

उदाहरण म्हणून साबा आणि डोमिनिका घ्या. साबा हे अवघ्या १३ चौरस किलोमीटरचे डच बेट. भोवतालचा समुद्र १९८७ पासून राखीव आहे. तिथल्या विमानतळाची धावपट्टी जेमतेम ४०० मीटर, पण सेंट मार्टिनहून बोटही जाते. बोट समुद्रसपाटीवरून चालते, तेव्हा तिच्यासाठी तास मोजावे लागत नाहीत. बेटावरचा माउंट सीनरी ८८७ मीटर उंच आहे आणि वर जायला हजारावर पायऱ्या आहेत. इथे पुष्कळजण चुकतात. बुड्यांनंतर कोरडा दिवस आहे, तर डोंगर करू, असे म्हणतात. पण ६०० मीटरच्या वरची उंची या हिशेबात विमानासारखीच धरतात. डोंगर पहिल्या दिवशी करावा आणि मग पाण्यात उतरावे. शेवटचा दिवस गावात हिंडण्यात घालवावा.

डोमिनिका मग केवळ पायी भटकण्यासाठी ठेवावे. तिथे उकळत्या पाण्याचे तळे आहे. जाऊन येऊन सबंध दिवस मोडतो आणि वाटाड्या घ्यावाच. सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळाने हे बेट झोडपले होते. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, त्याचा भाव १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. आणि तिकीट काढताना नाव दोनदा वाचा. डोमिनिकन रिपब्लिक हा निराळाच देश आहे.

वादळाचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. दक्षिणेकडील बेटे सुरक्षित, असे सरसकट सांगतात. अरुबा, बोनेर आणि कुरासाओपुरते ते बरेचसे खरे आहे. पण ग्रेनाडाला २००४ मध्ये आयव्हनने आणि त्याच देशातील कॅरियाकूला १ जुलै २०२४ रोजी बेरिलने उद्ध्वस्त केले. जानेवारी ते एप्रिल हा काळ बरा. भाव मात्र तेव्हाच चढे असतात.

सगळ्या कॅरिबियनला चालेल असा एक व्हिसा नाही. डच ताब्यातील सहा बेटांचा एक व्हिसा आहे, तो युरोपच्या शेंगेनहून वेगळा. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटाच्या मोहात ही बाब नजरेआड होते, आणि प्रवासी मुंबईच्या काउंटरवरूनच परत येतो.

विम्याची पॉलिसी गिऱ्हाइकासमोर बसून वाचा. साध्या प्रवासी विम्यात डायव्हिंग पुष्कळदा वगळलेले असते, किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. बुडबुड्यांच्या आजारावर दाबाच्या बंद कोठडीत ठेवून उपचार करतात, आणि अशी कोठडी प्रत्येक बेटावर नसते. रोग्याला दुसऱ्या बेटावर न्यायचे तर विमान मुद्दाम खालून उडवावे लागते किंवा केबिनचा दाब जमिनीइतका ठेवावा लागतो. तो खर्च कोण सोसणार, हे पॉलिसीत लिहिलेले आहे का ते पाहूनच आगाऊ रक्कम घ्यावी.